मुलीचं काय म्हणणं आहे?

आमच्या वेळी लग्नाची तयारी वडिलांची असायची. रक्कम जमली, कार्यालय मिळालं, की मुलगी तयार. तिला विचारायचं ते एवढंच, "पोहे तूच केलेस ना?"

माझी भाची 31 वर्षांची. हिंजवडीत नोकरी, वाकडला स्वतःच्या नावावर वन बीएचके. स्थळं ती बाहेर कॉफीवर भेटते आणि विचारते, "आई आजारी पडली की तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं?" एक जण गोंधळून म्हणाला, "आई शक्यतो आजारी पडत नाही." नकार गेला. ताई अजून हळहळते. मुलगा दिसायला चांगला होता.

मुलीचं म्हणणं मुंबईत एकदा थेट कोर्टात गाजलं होतं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. 1884 मध्ये नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला, तेव्हा अजाणत्या वयात लावून दिलेलं लग्न त्यांनी मानलं नाही. 1887 मध्ये कोर्टाने बजावलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या कैदेला तयार झाल्या! पुढे तडजोड झाली आणि लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या. कायद्याने मुलीचं किमान वय 1929 मध्ये 14 केलं, 1978 मध्ये 18. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या शंभरातल्या जवळजवळ 22 जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. तेव्हा वाकडवरून महाराष्ट्राचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

भाचीचा हिशेब सरळ आहे. "उद्या नाही पटलं, तर आईच्या दारात बॅग घेऊन उभं राहायला लागू नये." ताईला हे अभद्र वाटतं. मला नाही वाटत. जायला दुसरी जागा नाही म्हणून टिकलेले संसार आमच्या वाड्यात मी पाहिलेत. त्यांना सुखाचे म्हणायची पद्धत होती, इतकंच. खटकतं ते वेगळं. तिची यादी संपत नाही. आधी नोकरी कायम होऊ दे, मग घर, आता कर्ज जरा हलकं होऊ दे. सगळं स्वतःच पुरं करून मग कुणाला तरी आत घ्यायचं, तर त्या माणसाने येऊन करायचं काय?

तिच्या धाकट्या भावालाही मी मुद्दाम विचारलं, तुझी तयारी आहे का रे लग्नाची? मोबाइलवरून मान वर न करता तो म्हणाला, "नोकरी आहे की." घरात सगळ्यांना ते पुरलं.