जांबची वाट आणि आमची नाचरी गाडी

मैत्रिणींनो, जालन्याहून अंबडच्या मत्स्योदरीला गेला आहात ना कधी? टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून देवी मत्स्योदरी. तिथून पुढे घनसावंगी तालुक्यात जांब, समर्थ रामदासांचं जन्मगाव. एका दिवसात दोन्ही दर्शनं होतात. गेल्या नवरात्रानंतर आम्ही सासूबाईंना घेऊन निघालो, आमच्या जुन्या मारुती ८०० मधून. गाडी पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली!

आपल्याकडची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ताही मग लाटांसारखा वर-खाली होतो. अशा एकेका उंचवट्यावर आमची गाडी तीन-तीनदा नाचत होती. "अगं, यापेक्षा बैलगाडी बरी," सासूबाई म्हणाल्या. मी हसले. पण पुढच्या वळणावर शेळ्या आडव्या आल्या. ह्यांनी ब्रेक दाबला, तर गाडी थांबायची सोडून टुणटुणत पुढेच गेली. शेवटची शेळी थोडक्यात वाचली. जांब येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी जालन्यात मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. "ताई, चांगली गाडी एकदा वर येऊन गप बसते. ही बघा, मान डोलावतेय." तुम्हीही असं करून बघा, पैसे पडत नाहीत. मग खाली वाकून पाहिलं, तर शॉकअपच्या नळीवर शेगडीमागच्या भिंतीवर बसतो तसा तेल-धुळीचा चिकट थर! नळीत तेल असतं, त्याला दट्ट्यातल्या बारीक भोकांतून वाट काढावी लागते, त्यात उसळी जिरते. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. तिला आवरतो तो शॉकअप. तेल गळून गेलं की चाक रस्त्यावर टेकत नाही, आणि टेकलंच नाही तर ब्रेक करणार काय? टायरही जागोजागी झिजलेले होते, ते मी रोज बघत होते, पण कळलं नव्हतं.

"चालतंय की! गळतोय तेवढा एक बदला," हे म्हणाले. मिस्त्रींनी मान हलवली. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला दमलेला, असं केलं तर गाडी दोन्हीकडे सारखी बसत नाही. म्हणून जोडीनेच बदलायचे. आमचे चारही गेलेले. पुढच्यांवर स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती सुटली तर हात मोडेल, तेव्हा घरी पाना घेऊन बसू नका हो. वरची रबरं, बुश त्याच वेळी बदलून घ्या, उघडायची मजुरी पुन्हा पडत नाही. शेवटी चाकांचं अलाइनमेंट.

दिवाळीचा सोफा राहिला तो राहिलाच. पंधरा दिवसांनी राजूरच्या गणपतीला निघालो. देऊळ आलं तरी सासूबाई मागे झोपलेल्याच होत्या.