पाण्याखालची नावे

मराठी कवितेत होडी पुष्कळ आहे, पण ती बहुधा रूपक म्हणून. भवसागर, नावाडी, पैलतीर हे शब्द आम्ही दोघे कळवणला वर्षानुवर्षे शिकवीत आलो. प्रत्यक्ष वल्हे हाती धरण्याचा योग मात्र गेल्या हिवाळ्यात आला, तो पुनद नदीवरच्या अर्जुनसागर जलाशयात. गिरणेला मिळणारी ही नदी तालुक्याच्या डोंगराळ भागात धरणाने अडवली आहे.

काठावरून पाणी सगळीकडे सारखेच दिसते. होडीत बसल्यावर कळते, की त्याला चढउतार आहेत, आडोसे आहेत. पाणकावळे पंख वाळवीत बसले होते. कपाळी पांढरा टिळा असलेले काळे वारकरी पक्षी होडीची चाहूल लागताच थव्याने दूर सरकत होते. सोबतचा कोकणा मासेमार सहज म्हणाला, "सर, आता आपण खळ्यावरून चाललो." थोड्या वेळाने म्हणाला, "तिकडं जाळं टाकत नाही. खाली आंब्याचा खुंट आहे."

ही नावे त्याला वडिलांकडून मिळालेली. त्यांत गहिवर नव्हता, व्यवहार होता. तळाशी काय आहे हे ठाऊक नसेल, तर जाळे अडकून फाटते. आम्ही ज्याला निसर्गसौंदर्य म्हणत होतो, ती त्याच्या लेखी बुडालेली शेती होती आणि आज तेच त्याचे शिवार होते.

येथे मारुती चितमपल्लींची (१९३२–२०२५) आठवण होणे अपरिहार्य आहे. वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधच्या तळ्याकाठी राहून त्यांनी स्थानिक माणसांकडची पाखरांची, माशांची, झाडांची नावे ग्रंथांत आणली. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्या शब्दांचाही सन्मान झाला, असे आम्हांला वाटते. लिहून घेणारा भेटला म्हणून ते शब्द टिकले. प्रत्येक तळ्याला असा माणूस लाभतोच असे नाही.

आमच्या वर्गात या परिसरातली मुले आहेत. पैलतीराचा आध्यात्मिक अर्थ ती उत्तरपत्रिकेत नेमका लिहितात. यंदा आम्ही त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून बुडालेल्या शेतांची नावे वहीत लिहून आणायला सांगितले. आजवर १९ नावे जमली. त्यांतल्या तिन्हींचा अर्थ कुणालाच सांगता आला नाही; ती जशी ऐकली तशीच उतरवून ठेवली आहेत.