एका घराण्याची वैद्यकी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ऐन मध्यावर, जेथे गव्हाच्या शेतांवाचून दृष्टीस अडविणारे फारसे काही आढळत नाही, त्या कॅन्सस संस्थानाच्या टोपेका या राजधानीत १८८९ साली एक तरुण होमिओपॅथ आपल्या पत्नीसह येऊन स्थायिक झाला. डॉ. चार्ल्स फ्रेडरिक मेनिंजर हे त्यांचे नाव. काही वर्षे शिक्षकी करून, मग शिकागोच्या हानेमान महाविद्यालयातून वैद्यकीची पदवी घेऊन ते आले होते, आणि घरोघर फिरून रोगी पाहावेत, उरल्या वेळात दगड, शंख-शिंपले जमवावेत व पिओनीच्या झाडांची मशागत करावी, असा त्यांचा दिनक्रम पुढे पडून गेला. पत्नी फ्लो या करारी वृत्तीच्या व नितांत श्रद्धाळू; नगरातील स्त्रियांना त्यांनी वर्षानुवर्षे बायबलचे पाठ दिले. एक सौम्य व जिज्ञासू, दुसरी कठोर व कर्तव्यनिष्ठ, अशा दोन प्रकृतींच्या छायेत कार्ल, एडविन आणि विल हे तीन पुत्र वाढले.

त्या काळी वैद्याने एकट्याने रोग्याच्या उशाशी बसावे, जे दिसेल व हाताला लागेल तेवढ्यावर निदान ठरवावे आणि त्या निदानाचे सारे ओझे एकट्याने वाहावे, हीच सर्वत्र वहिवाट होती. १९०८ साली डॉ. चार्ल्स मिनेसोटातील रॉचेस्टर येथे मेयो बंधूंचे रुग्णालय पाहावयास गेले, आणि तेथे निरनिराळ्या विषयांत प्रवीण असलेले अनेक वैद्य एकाच छपराखाली एकाच रोग्याविषयी विचारविनिमय करीत आहेत, हे दृश्य पाहून ते अक्षरशः भारावून गेले. परत येताच त्यांनी भोजनसमयी मुलांना सांगून टाकले, की तुम्ही डॉक्टर व्हायचे, आणि आपण सर्वांनी मिळून तसेच एक रुग्णालय येथे टोपेकात उभे करायचे. एडविन पुढे वृत्तपत्राच्या व्यवसायात शिरला व फ्लोरिडात जाऊन फुलझाडांच्या नादात रमला. परंतु थोरला कार्ल आणि धाकटा विल यांनी पित्याचा शब्द आज्ञेप्रमाणे मानला.

कार्ल १९१७ साली हार्वर्डमधून डॉक्टर झाले आणि बॉस्टनच्या मनोरुग्णालयात अर्नेस्ट साउदर्ड या तेजस्वी गुरूच्या हाताखाली काम करीत असता मनोविकारांच्या अभ्यासाकडे ओढले गेले. १९१९ साली ते घरी परतले, ते हा नवा विषय बरोबर घेऊनच. आणि पित्यानेही, आपले अर्धे आयुष्य शरीराच्या व्याधींत गेले असताना, उतारवयात पुत्राकडून तो शिकून घ्यावयास कमीपणा मानला नाही. या घराण्याच्या साऱ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत हृद्य वाटते. आपल्याकडील वैद्यांच्या पिढीजात घराण्यांतून विद्या बापाकडून मुलाकडे उतरते, हे आपण नेहमीच पाहतो; येथे ती उलट दिशेने वर चढली आणि तरीही घराची वीण सुटली नाही.

विद्या आली, पण तिला जागा मिळेना. मनोविकाराचा रोगी सामान्य इस्पितळात कोणी घेईना, म्हणून कार्ल यांना आरंभी अशा रोग्यांच्या कागदावर शरीराचा काही आजार नोंदवून त्यांना आत घ्यावे लागे. आपल्या वस्तीत वेड्यांचा कोठा नको, म्हणून काही नागरिकांनी न्यायालयात फिर्यादही गुदरली. त्यांच्या भयाची मी हेटाळणी करणार नाही. त्या काळचे वेड्यांचे सरकारी इस्पितळ म्हणजे नगराबाहेरचा एक प्रचंड इमला, ज्यात एकदा दाखल झालेला मनुष्य बहुधा आतच म्हातारा व्हायचा. तेव्हा ज्यांनी बरा होऊन परतलेला वेडा कधी पाहिलाच नव्हता, त्यांनी त्याची भीती बाळगली तर नवल नाही. अखेर १९२५ साली, धाकटे विल वैद्यकीय शिक्षण पुरे करून घरी आले त्याच वर्षी, गावाच्या कडेला एका शेतावरच्या जुन्या घरात मेनिंजर आरोग्यधामाचा आरंभ झाला.

आरोग्यधाम घरात सुरू झाले हा परिस्थितीचा भाग; परंतु ते घरासारखे चालवावे, हा पिता व दोघे डॉक्टर पुत्र या तिघांचा विचार होता, आणि त्यांचे खरे कर्तृत्व मी येथेच मानतो. रोग्याला तास-अर्धा तास भेटणारा डॉक्टर हाच काय तो उपचार करतो आणि उरलेले तेवीस तास रोगी केवळ सांभाळला जातो, ही समजूत त्यांनी टाकून दिली. सकाळी उठविणारी परिचारिका, जेवण वाढणारा सेवक, बागेत कुदळ हाती देणारा माळी, या प्रत्येकाच्या वागण्याचा रोग्याच्या मनावर परिणाम होतोच. मग तो दैवाधीन का सोडावा? म्हणून विल यांनी परिश्रमपूर्वक अशी पद्धत बसविली की औषधांच्या मात्रेप्रमाणेच कोणत्या रोग्याशी कोणी कसे वागायचे, हेही लेखी हुकुमाने ठरावे. एकाला न मागता माया द्यायची, दुसऱ्याशी ठामपणे पण न रागावता बोलायचे, तिसरा स्वतःला अपराधी मानून झुरत असेल तर त्याला हलके, कंटाळवाणे कष्टाचे काम देऊन ते अपराधाचे ओझे उतरवू द्यायचे, असा तो क्रम. डॉ. चार्ल्स यांची बागही या योजनेत सामावून गेली. सेवक तिघांना डॉ. सी. एफ., डॉ. कार्ल, डॉ. विल अशा घरगुती नावांनी हाक मारीत.

आत्महत्येविषयी कार्ल यांनी १९३८ साली लिहिलेल्या ग्रंथात मारण्याची इच्छा, मारले जाण्याची इच्छा आणि मरण्याची इच्छा अशा तीन निरनिराळ्या वासना वेगळ्या करून दाखविल्या आहेत. ज्याला जग भेकड किंवा पापी म्हणून मोकळे होत होते, त्या मनुष्याच्या मनात इतक्या धीराने डोकावणे, हे त्या शेतघरात रोग्यांच्या सहवासात काढलेल्या वर्षांवाचून त्यांना साधले असते, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात विल सैन्याच्या मनोवैद्यक विभागाचे प्रमुख झाले व ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले. त्यांच्या देखरेखीखाली १९४३ साली मनोविकारांचे जे वर्गीकरण सिद्ध झाले, त्याच्याच पायावर पुढे १९५२ सालची अमेरिकन मनोवैद्यांची पहिली अधिकृत सूची उभी राहिली. युद्धातून मनाने जायबंदी होऊन परतणाऱ्यांची संख्या एवढी मोठी, आणि त्यांना पाहणारे वैद्य एवढे थोडे, की १९४६ साली टोपेकातील विंटर या माजी सैनिकांच्या रुग्णालयात कार्ल यांनी शंभरावर तरुण डॉक्टरांना एकदम शिकवावयास घेतले. पुढे कॅन्ससच्या सरकारी इस्पितळाची दुर्दशा चव्हाट्यावर आली, तेव्हा दोघा भावांनी कायदेमंडळापुढे कैफियत मांडली, की नव्या इमारतींच्या आधी जाणत्या माणसांवर पैसा खर्च करा. कायदेमंडळाने ती मानली व तरतूद मोठ्या प्रमाणावर वाढविली.

आणि तरीही हे घर दुभंगले. कार्ल हे प्रतिभावान, पण तापट व अधिकार न सोडणारे. विल मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणारे. वर्षानुवर्षे आत साठलेली नाराजी १९६५ साली उफाळली, ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कार्ल यांच्या मुखत्यारीविरुद्ध बंड केले, आणि विल यांनी भावाची नव्हे, सहकाऱ्यांची बाजू घेतली. पुढच्याच वर्षी सहासष्टाव्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने विल यांचा अंत झाला, आणि दोघांतील जखम भरून यावयास अवधीच उरला नाही. इतरांची मने वाचणाऱ्यांना आपल्या भावाचे मन वाचता आले नाही, असे म्हणून कोणी त्यांच्या विद्येला बोल लावील, तर तो मला मान्य नाही. घराच्या ममतेने जेथे उपचार चालतात, तेथे घरातील थोरल्या-धाकट्याचे मानापमान, पित्याच्या गादीविषयीचे रुसवे हेही येणारच; त्या ममतेतून रोग्यांना जे मिळाले, ते या दुःखामुळे कणभरही उणे होत नाही.

विल यांचे पुत्र रॉय आणि त्यांच्यामागून वॉल्टर, दोघेही मनोवैद्यच, यांनी १९६७ पासून २००१ पर्यंत संस्थेचा कारभार पाहिला. पण रोग्याला महिनोन्‌महिने ठेवून घेऊन बरे करण्याचा खर्च विमा कंपन्यांना परवडेनासा झाला, आणि २००३ साली मेनिंजर रुग्णालय टोपेका सोडून टेक्ससमधील ह्यूस्टन येथे गेले. टोपेकाच्या माणसांना ते फार लागले असणार. एके काळी ज्यांना नको होते, त्यांच्याच नातवंडांना ते आपल्या गावाचे भूषण वाटत होते.

कार्ल मात्र त्या बंडात अधिकार गेल्यावर स्वस्थ बसले नाहीत. १९६८ साली, पंचाहत्तरीत, तुरुंगातील शिक्षा ही समाजाने काढलेला सूडच आहे असे सांगणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. आणि ज्यांना आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, अशा मुलांसाठी घरे उभारण्यास त्यांनी आरंभ केला. प्रत्येक घरात एक पतिपत्नी आणि त्यांच्याभोवती थोडी मुले, एवढीच योजना. वसतिगृह नव्हे, अनाथालय नव्हे. आजार जडल्यावर मोठ्या माणसांना जे पुन्हा शिकवावे लागते, ते लहानपणीच मिळावे, म्हणून केलेली ही तजवीज होती. कॅन्ससमध्ये सुरू झालेली ही घरे पुढे, डॉ. चार्ल्स यांचा जन्म जेथे झाला होता, त्या इंडियाना संस्थानातही निघाली.