पायात आलेली वायर

मागच्या रमजानमध्ये अम्मीला घेऊन बहिणीकडे इफ्तारला निघालो होतो. वाटेत ब्रेकवर पाय टाकला, तर पायाला काहीतरी गुंडाळलं. गाडी थांबली, पण उशिरा. अम्मी काही बोलली नाही, हातातली तस्बीह तेवढी घट्ट धरली.

पायात होती ऑडिओची केबल. सीटखालच्या अ‍ॅम्प्लिफायरला मीच जोडलेली आणि ‘नंतर बांधू’ म्हणून डॅशबोर्डखाली लोंबत सोडलेली.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजात गेलो. (वर्गात याच्या वहीवर माझी लाल शाई संपायची.) त्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग स्टिरिओ बाहेर ओढला.

“सर, पॉवरची वायर एका बाजूने न्यायची, ऑडिओची दुसऱ्या. शेजारी ठेवल्या की स्पीकर शिट्टी मारतो.”

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढणारी ती शिट्टी मी रोज ऐकत होतो आणि स्पीकरला बोल लावत होतो!

स्टेअरिंगच्या दांड्यापासून आणि पेडलपासून दूर, वीत-वीत अंतरावर टाय मारत त्याने केबल आतून नेली. खडखड नको म्हणून फोमची पट्टी गुंडाळली. जादा केबल स्टिरिओमागे सैल बांधून ठेवली.

संध्याकाळी अम्मी गाडीत बसण्याआधी माझ्या बाजूला आली, वाकून पेडलखाली पाहिलं आणि मगच दार उघडलं.