अलिबागचा समुद्र आणि चरीची वाट

आमच्या हिंगणघाटला पाणी म्हणजे वणा नदी. समुद्र मी पंचविशीपर्यंत सिनेमातच पाहिला होता. बाबांचा जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात गेला, त्यांनी तर तो कधीच पाहिला नाही. मागच्या डिसेंबरात पाठीवर पिशवी टाकून वर्ध्याला आलो आणि सेवाग्राम एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात शिरलो. निघताना बाबा म्हणाले, "पाहून ये. कसा असते तो, मले सांगजो."

मुंबईहून गेटवेची बोट धरली. तासाभरात मांडवा आणि बोटीच्याच तिकिटावर पुढे अलिबागची बस. मन अगदी हरखून गेले होते.

पण पहिला ठेचा लागला तो मुक्कामाला. एका घरगुती जागी खोली रिकामी असल्याची पाटी होती. मालकाने आडनाव विचारले. मग गाव विचारले. मग म्हणाला, "तसं नाही, म्हणजे तुम्ही कोण?" मी सांगितले. खोल्या लगेच भरल्या! शेवटी एका साध्या लॉजवर आधारकार्ड दाखवून जागा मिळाली. तिथे कोणी काही विचारले नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. घोडागाड्या, वाळूत धावणाऱ्या मोटारी, भेळेचे कागद, प्लास्टिकच्या बाटल्या. फोटो काढायला जो तो पुढे. समुद्राकडे शांतपणे बघणारा मात्र विरळाच. हाच का तो, असे वाटून गेले.

सकाळी ओहोटी होती. पाणी मागे सरले आणि मी चालतच कुलाबा किल्ल्यात गेलो. हा किल्ला शिवरायांनी बांधायला घेतला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते ठाणे झाले. चहूकडे खारा समुद्र आणि आत गोडे पाणी! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आम्हा वैदर्भीयांना त्याचे मोल सांगायला नको.

परतताना मासळी विकणाऱ्या एका मावशींशी बोलणे झाले. "वर्धा? तिकडे समुद्र नाही, मग मासळी कुठली खाता?" मी म्हटले, नदीची, तळ्याची. त्यांनी मूठभर सुकट कागदात बांधून दिली. पैसे घेईनात. "आईला दे," म्हणाल्या. कालच्या मालकाचा राग तिथे बराच निवळला.

दुपारी एस.टी.ने जवळच्या चरीला गेलो. तिकडे पर्यटक फिरकत नाहीत. याच भागात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप केला. खोताची जमीन पेरली नाही. पोटाला चिमटा घेतला, पण मागे हटले नाहीत. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते याच कोकणातल्या कुळांसाठी. भोवतीची शेते पाहत मी बराच वेळ उभा राहिलो. समुद्रापाशी जे मिळाले नाही ते इथे मिळाले.

घरी आल्यावर बाबांना सगळे सांगितले. खोलीचेही सांगितले. समुद्राचे त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "त्या जमिनीचं शेवटी काय झालं?"

मी म्हणालो, "१९४९ च्या कायद्यानं खोती गेली, बाबा."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मी पण येतो. आधी चरी पाहू, मग समुद्र."