सरहद्दीवरच्या गाड्या
(प्रवासाची दैनंदिनी : बोरगाव–निपाणी परिसर)

सोमवार. मुक्काम बोरगाव

इचलकरंजीकडून उसाच्या मळ्यांमधून बोरगावाकडे येणारा रस्ता कोठे महाराष्ट्र सोडतो आणि कोठे कर्नाटकात शिरतो, हे भुईकडे पाहून कळत नाही. पाट्यांवरील लिपी पालटते, गाड्यांच्या क्रमांकांत ‘एमएच’च्या जागी ‘केए’ दिसू लागते, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने आखलेली सरहद्द आपण ओलांडली, एवढाच बोध प्रवाशास होतो. बोली तीच, पीक तेच, आणि ऐन गळीत हंगामात रस्ता व्यापून टाकणारी ऊसवाहतूकही तीच.

ज्यांच्या आमंत्रणावरून मी येथे आलो ती मंडळी मोटारगाड्यांची शौकीन आहेत. एक अण्णा, ज्यांच्याकडे विलीज बनावटीची जुनी जीप आहे. एक मामा, ज्यांची उभी हयात ट्रक चालविण्यात गेली. अण्णांचा पुतण्या, ज्याने आपल्या नव्या जीपची उंची वाढवून तिला रुंद टायर चढविले आहेत. आणि ज्यांच्या गॅरेजात संध्याकाळी ही सारी बैठक जमते ते मिस्त्री. रस्त्यावरील संकटांच्या आणि गाडीत केलेल्या फेरफारांच्या हकिकती सांगण्यात यांची रात्र सरते. ऐकता ऐकता ध्यानात आले की, कोणत्याही सरकारी दप्तरात न सापडणारे या मुलखातील रस्त्यांचे ज्ञान येथे तोंडी साठविलेले आहे.

आजचा विषय अर्थातच उसाच्या ट्रॉलीचा निघाला. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर मोळ्यांची रास, आणि मागे दिवा असलाच तर तोही मोळ्यांच्या टोकांआड झाकलेला. मामा म्हणाले, “समोरच्याचा उजेड डोळ्यावर आला की म्होरं निस्ता काळोख, आन् त्या काळोखातच पंक्चर झालेली ट्रॉली उभी असती बघा.” त्याहूनही त्यांना राग होता तो दगडांचा. बंद पडलेल्या गाडीच्या चाकांना लावलेले आणि इतरांना सावध करण्यासाठी भोवती मांडलेले दगड, गाडी दुरुस्त होऊन निघून गेल्यावर, तसेच रस्त्यावर पडून राहतात. म्हणजे जे रक्षणासाठी ठेवले तेच रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर उठते.

मिस्त्रींनी त्यावर काढलेला उपाय मी जवळून पाहिला. हातभर पत्र्याच्या तुकड्यावरील धूळ आणि तेल त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसले, कोरड्या फडक्याने पुन्हा घासले, मग लाल रेडियमची पट्टी एका टोकापासून अंगठ्याने दाबत दाबत, मध्ये हवेचा फुगा राहू न देता, चिकटविली. आणि तो पत्रा ट्रॉलीच्या फळीवर न ठोकता दोन साखळ्यांनी मोळ्यांच्या शेवटाशी टांगला. फळीवरचे रेडियम उसाखाली झाकले जाते, टांगलेला पत्रा मात्र ओझ्याच्या पलीकडे राहतो. अर्ध्या तासाच्या आणि अल्प मोलाच्या या कामाने ट्रॅक्टरमालकाच्या वेगात वा मिळकतीत कसलीही भर पडत नाही. भर पडते ती मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या आयुष्यात.

मंगळवार. निपाणी, यमगर्णी

सकाळी अण्णांच्या जीपमधून निपाणीस गेलो. तंबाखूच्या पेठेमुळे नावारूपास आलेले हे गाव पुणे–बेंगळूर महामार्गावर वसलेले असून, त्याच रस्त्यावर १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी ठाण मांडून बसले होते, आणि शेवटी झालेल्या गोळीबारात त्यांतील काहींना प्राणास मुकावे लागले. आता त्या ठिकाणाहून वाहने भरधाव जातात. परंतु या भागातील वयस्क माणसे महामार्गाचा उल्लेख करताना ते दिवस विसरत नाहीत.

पुढे यमगर्णीपाशी वेदगंगा नदी महामार्गाला भेटते. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये तिचे पाणी रस्त्यावर चढून सुवर्ण चतुर्भुज महामार्गाचा हा भाग बंद पडला होता. पुतण्याने आपल्या जीपची हवा घेणारी नळी काचेच्या बाजूने टपापर्यंत वर नेली आहे, ती अशाच प्रसंगासाठी. इंजिनात हवेवाटे पाणी शिरले तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. आणि मग कनेक्टिंग रॉड वाकून इंजिन निकामी होते. तेव्हा नळी उंच नेण्यामागील हेतू निर्विवाद आहे.

पण अण्णांनी पुलाजवळ गाडी उभी करून त्याला जे सांगितले ते मला फार महत्त्वाचे वाटले. नळीमुळे इंजिनाचा श्वास चालू राहतो, गाडी मात्र जमिनीला घट्ट धरून राहत नाही. दोन फूट खोल वाहत्या पाण्यात मोटार तरंगू लागते, चाकांची पकड सुटते, आणि प्रवाह तिला आडवी रेटतो; शिवाय गढूळ पाण्याखालची भर वाहून गेली आहे की काय, हे वरून दिसत नाही. अशा वेळी चालू असलेले इंजिन चालकास पुढे जाण्याचे धैर्य देते, आणि ते धैर्यच घातक ठरते. पुतण्या काही काळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे काका, नळी असली तरी परत फिरायचंच.” अण्णा म्हणाले, “नळी आपल्या शेतातल्या पाण्यासाठी, बाळा. नदीसाठी नव्हं.”

बुधवार. तवंदी घाट

निपाणीच्या दक्षिणेस, जैनांच्या स्तवनिधी या पुरातन क्षेत्राजवळून महामार्ग तवंदीच्या घाटात चढतो. सह्याद्रीच्या मोठ्या घाटांशी तुलना केली तर हा लहानसाच. परंतु लांबच्या सपाट वाटेवर अंगात भिनलेला वेग उतारावरही उतरत नसल्यामुळे, लहान घाटच अनेकदा अधिक दगा देतात. आज मामा बरोबर होते, आणि प्रत्येक वळणाशी त्यांची एक आठवण जोडलेली होती.

त्यांच्या उमेदीच्या काळात डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची वहिवाट होती. काही जण तर इंजिनही बंद करीत. गिअर सुटला की इंजिनाचा अटकाव सुटतो, सारा भार ब्रेकांवर येतो, ड्रम तापतात, आणि तापलेले लायनर मग कितीही पाय दाबला तरी धरीत नाहीत. वेग दुप्पट झाला की थांबविण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते, हा हिशेब शाळेच्या पुस्तकात असतो. मामा तो तळपायाने शिकले. ज्या गिअरात चढायचे त्याच गिअरात उतरायचे, हा त्यांचा एकमेव आणि अपवादरहित नियम.

येथे त्यांनी फेरफाराची जी गोष्ट सांगितली तिने माझ्या या प्रवासास दिशा दिली. अधिक माल भरता यावा म्हणून कमानींत जादा पाटे बसवून घेणे आणि हौद्याच्या फळ्या उंचावणे, ही त्या काळी सर्रास पद्धत होती. पाटे वाढले म्हणजे ट्रक बसत नाही, मालक खूश होतो, आणि ओझे झेपते असा सर्वांचा समज होतो. परंतु ब्रेकचे ड्रम, टायर आणि धुरा हे सारे पूर्वीचेच राहिलेले असतात. ओझे वाहण्याची ताकद वाढली, ते थांबविण्याची वाढली नाही. आणि या तफावतीची किंमत कित्येकदा ज्याने पाटे बसविले त्याला नव्हे, तर घाटाच्या पायथ्याशी रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या पादचाऱ्याला मोजावी लागते.

गुरुवार. पुन्हा बोरगाव

आज दिवसभर गॅरेजातच होतो. जीपचे बॉनेट उघडून अण्णांनी तिचा इतिहास सांगितला. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्या परंपरेतील ही गाडी. तिचे पेट्रोल इंजिन परवडेना तेव्हा महिंद्रच्याच पुढील जीपमधील प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन तिच्यात बसविण्यात आले. डिझेल इंजिन वजनदार, म्हणून पुढचे पाटे बदलले. जोर अधिक, म्हणून क्लच बदलला. आणि गाडी जड झाली म्हणून मिस्त्रींनी ब्रेकचे काम पुरे झाल्याखेरीज ती बाहेर काढू दिली नाही. त्यानंतर परिवहन कचेरीत जाऊन इंजिनाचा क्रमांक आणि इंधन यांची आरसी बुकात रीतसर नोंद करण्यात आली.

त्यावरून कायद्याची गोष्ट निघाली. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. मोटारीच्या पुढे बसविल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डांवर कारवाई करण्याचे फर्मान केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना धाडले. पुतण्याला हे जाचक वाटत होते: गाडी माझी, पैसा माझा, मग मनाई का?

मिस्त्रींनी उत्तर दिले ते कायद्याचे नव्हते, कारागिराचे होते. गाडीचे पुढचे तोंड आदळताच चुरगळावे आणि धक्का त्या चुरगळण्यात जिरावा, अशीच तिची घडण असते. ताठ लोखंडी गार्ड तो धक्का थेट सांगाड्याला पोहोचवितो, एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा आणू शकतो, आणि समोर माणूस असेल तर त्याला बंपरापेक्षा कितीतरी वाईट इजा करतो. उंची वाढविली की गुरुत्वमध्य वर जातो, आणि वळणावर गाडी उलटण्याचे भय वाढते. टपावरचे पांढरे दिवे आपल्याला रस्ता उजळून देतात. समोरच्याला मात्र आंधळे करतात, आणि मामांनी सोमवारी सांगितलेला तो ट्रॉली गिळणारा काळोख अशा दिव्यांतूनच जन्मतो.

या चार माणसांच्या सहवासात माझे मत पक्के झाले आहे, आणि ते मी नि:संकोचपणे मांडतो. गाडीतील बदलाचा निर्णय मालकाचा असला तरी त्याचा परिणाम भोगणारे बहुतांशी इतरच असतात; म्हणून कोणत्याही फेरफाराची पारख, त्यामुळे गाडी अधिक दिसते का आणि अधिक लवकर थांबते का, या दोन प्रश्नांनीच व्हावी. रेडियमचा पत्रा या कसोटीस उतरतो, अण्णांचे डिझेल इंजिन ब्रेकांसह उतरते. जादा पाटे आणि टपावरचे दिवे उतरत नाहीत. ही पारख करण्यास अभियंत्याची पदवी लागत नाही. मिस्त्रींसारखी माणसे गावोगावी आहेत, आणि ब्रेकचे काम अपुरे असता गाडी न सोडण्याचा त्यांचा करारीपणा हा या मुलखाचा मोठाच ठेवा आहे.

संध्याकाळी पुतण्याने आपल्या जीपच्या लोखंडी गार्डाचे बोल्ट सोडविण्यास घेतले. टपावरचे दिवे उतरविण्यास तो अजून राजी नाही. त्यांवर सदैव जाड टोप्या राहतील एवढे त्याने कबूल केले आहे. उद्या पहाटे निपाणीहून मुधाळ तिट्टा, राधानगरी आणि फोंडा घाट या मार्गाने देवगडकडे निघावयाचे असून, दोन्ही जीपांचे ब्रेक आणि मागचे दिवे मिस्त्रींनी स्वतः तपासल्यावरच गाड्या बाहेर पडतील, असे ठरले आहे.

(क्रमशः)