वाढदिवस आणि बाळापूरची छत्री

सकाळी आईनं औक्षण केलं. दुपारी पाटोड्यांचा झणझणीत रस्सा, भाकरी आणि सगळ्यांचा आग्रह. असं भरलेलं घर मला हवंच असतं. पण वाढदिवसाचा थोडा वेळ माझा एकटीचाही हवा. अकोल्याहून बाळापूर जवळच, म्हणून तिथं गेले. मिर्झाराजे जयसिंगांच्या नावानं ओळखली जाणारी काळ्या दगडाची छत्री कागदावर उतरवायला बसले. उन्हात काळा दगड काळा दिसतच नाही! म्हणून काळी ट्यूब उघडलीच नाही. गडद निळ्यात तपकिरी कालवला, पाणी थोडं जास्त घेतलं. दगड जिवंत झाला. कमानींपाशी मात्र ब्रश खाली ठेवून नुसतं बघत राहिले. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा, १७५७ साली पूर्ण झालेला इथला किल्ला पुढच्या वर्षी काढायचाय.